एक फूट जिभेचा पतंग आणि दहिसरचा जिना

पाऊस सुरू झाला की आमच्या या सदराच्या इनबॉक्समध्ये पतंग शिरतात. संक्रांतीचे नव्हेत, ट्यूबलाइटभोवती घिरट्या घालणारे. यावेळी अकरा जणांनी फोटो पाठवलेत, त्यातले चार इतके हललेले आहेत की तो पतंग आहे का ओट्यावरचं फडकं हे मलाही सांगता आलं नाही, त्यांनी कृपया दिवसा परत काढून पाठवा, पतंग दिवसभर हलत नाही, घाई करू नका. बाकीच्यांची उत्तरं खाली. पहिलं उत्तर लांबलंय, चहा घेऊन बसा.

प्रश्न: आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात, तिसऱ्या मजल्यावर, रात्री साडेदहाला भला मोठा राखाडी पतंग भिंतीला चिकटून बसलेला होता. पोटावर गुलाबी पट्टे. नात सातवीत आहे, तिने मोबाइलवर मादागास्करच्या एक फूट लांब जिभेच्या पतंगाचा व्हिडिओ बघितलाय आणि ती म्हणते हा तोच. मी म्हटलं, अगं तो तिकडून दहिसरला कशाला येईल? पैज लागलीये, आइस्क्रीमची. कोण जिंकलं? (एक आजोबा, दहिसर)

आजोबा, पैज तुम्ही जिंकलात. पण आइस्क्रीम तुम्हीच द्या, कारण पोरीचा अंदाज वाटतो तितका चुकलेला नाही.

फोटोतला तुमचा पाहुणा म्हणजे कॉन्व्हॉल्व्ह्युलस हॉक मॉथ. नाव बोजड आहे, आपण त्याला रताळ्याचा पतंग म्हणू, कारण सुरवंट असताना तो रताळ्याच्या नाहीतर त्या कुंपणावरच्या जांभळ्या मॉर्निंग ग्लोरीच्या वेलांची पानं खातो. पुढचे पंख अगदी न रंगवलेल्या सिमेंटच्या भिंतीसारखे, त्यामुळे जिन्यात बसला की अर्धे लोक त्याच्या शेजारून जातात आणि त्यांना पत्ताच नसतो. पोटाच्या दोन्ही बाजूंना गुलाबी आणि काळे पट्टे, ही त्याची खूण, ती तुमच्या नातीने बरोबर टिपली. हा आफ्रिका, युरोप, आशिया, ऑस्ट्रेलिया असा सगळीकडे सापडतो, लांबलांब उडत जातो, त्याला गाव असं एक नाहीच.

मादागास्करचा तो मात्र फक्त मादागास्करचा. दोघं एकाच खानदानातले, हॉक मॉथ म्हणतात त्या, आणि गंमत म्हणजे त्याचंही पोट गुलाबीसर असतं. म्हणून म्हटलं, पोरगी फार चुकलेली नाही.

आता जिभेचं. जीभ म्हणतो आपण, पण ती आपल्यासारखी मांसाची नाही, ती नळी आहे, आणि वापरात नसली की डोक्याखाली चकलीसारखी गुंडाळलेली असते. मागे आमच्या गॅलरीत तुमच्या पाहुण्यासारखाच एक पतंग मेलेला सापडला होता, कडक झालेला. तशीच उलगडायला गेलं तर जीभ मोडते, म्हणून मी त्याला श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ओल्या कापसाशेजारी रात्रभर ठेवलं (घरच्यांना आधी सांगून ठेवा, आमच्याकडे सकाळी तो डबा कोणीतरी वेलदोड्याच्या आशेने उघडला आणि जी किंकाळी आली ती खालच्या मजल्यावर ऐकू गेली). मग टाचणीने एकेक वेढा सोडवला आणि शिवणाच्या टेपने मोजलं तर नऊ सेंटिमीटर. अंगापेक्षा लांब जीभ! भिंग लावलं तर कळतं की ती एक नळी नाहीच, दोन पन्हळी आहेत, बांबू उभा चिरल्यासारख्या, आणि एकमेकींना कडेने अडकवलेल्या. कोषातून बाहेर येतो तेव्हा दोन्ही सुट्या असतात, पंख वाळेपर्यंत बसल्या बसल्या तो त्या चेनसारख्या लावून घेतो. लावता आल्या नाहीत तर संपलं, सरबत आहे पण स्ट्रॉ चिरलेली.

आणि हा नऊ सेंटिमीटरवाला आपला लोकल. मादागास्करच्या एका नमुन्याची जीभ उलगडून मोजली तेव्हा ती २८.५ सेंटिमीटर भरली. शाळेतली फूटपट्टी ३० ची असते, नातीला ती हातात धरायला सांगा आणि टोकाचं दीड सेंटिमीटर सोडून द्या. पंख पसरले तर हा प्राणी साधारण १५ सेंटिमीटरचा, म्हणजे जीभ पंखांच्या विस्ताराच्या जवळजवळ दुप्पट.

एवढी लांब कशाला, तर एका फुलासाठी. मादागास्कर म्हणजे आफ्रिकेच्या पूर्वेला, मधे चारेकशे किलोमीटरचा समुद्र टाकून पडलेलं बेट. बेट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर घारापुरी येतं पण हे महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट आहे. आणि एकेकाळी ते आपल्याच पोटाला चिकटलेलं होतं, पावणेनऊ कोटी वर्षांच्या आसपास ते आणि भारत वेगळे झाले, आपण उत्तरेला निघालो आणि ते तिथेच राहिलं, एकटं. इतकी वर्षं एकटं राहिल्यावर तिथली झाडं-प्राणी तिथलेच झाले, दुसरीकडे कुठे सापडत नाहीत असे.

त्याच्या पूर्व किनाऱ्याच्या जंगलात झाडांच्या फांद्यांवर एक ऑर्किड वाढतं. पांढरं, मेणाचं केल्यासारखं, चांदणीच्या आकाराचं फूल, दिवसा फारसा वास नाही आणि अंधार पडला की घमघमाट. फुलाच्या मागे हिरवट शेपटीसारखी एक नळी लोंबते, एक फूट, आणि मध असतो तो तिच्या अगदी तळाशी. लॅटिन नावातच दीड फूट हा शब्द आहे, सेस्क्विपिडेल. नाव ठेवणाऱ्या फ्रेंच माणसाने जरा हात सैल सोडला, पण तेवढं चालतं.

१८६२ च्या जानेवारीत ऑर्किड जमवणाऱ्या एका श्रीमंत शौकिनाने, जेम्स बेटमन त्याचं नाव, चार्ल्स डार्विनला खोकंभर फुलं पाठवली आणि त्यात हे होतं. डार्विनने नळी मोजली, साडेअकरा इंच, आणि मित्राला पत्र लिहिलं, त्याचा भावार्थ असा की अरे देवा, हे चोखणारा किडा असेल तरी कसला! त्याच वर्षी त्याने छापून टाकलं की मादागास्करमध्ये दहा-अकरा इंच जिभेचा पतंग असलाच पाहिजे. कोणी बघितला नव्हता, त्याने स्वतः मादागास्कर बघितलं नव्हतं. लोक हसले.

पाच वर्षांनी, १८६७ मध्ये, आल्फ्रेड वॉलेस हा निसर्गाचा अभ्यासक त्याच्या बाजूने उभा राहिला. त्याने म्युझियममधल्या आफ्रिकेच्या एका हॉक मॉथची जीभ मोजली होती, ती साडेसात इंच. म्हणाला, जरा दोन-तीन इंच जास्त असली की झालं, मादागास्करला जाणाऱ्यांनी हा पतंग असा बिनधास्त शोधावा जसा खगोलवाल्यांनी नेपच्यून शोधला. नेपच्यून १८४६ ला सापडला होता, आधी कागदावर गणिताने आणि मग दुर्बिणीत, त्यामुळे तेव्हा ती उपमा अगदी ताजी होती.

पतंग सापडला आणि त्याचं रीतसर वर्णन आलं १९०३ मध्ये. रॉथशिल्ड आणि जॉर्डन या दोन कीटकतज्ज्ञांनी त्याला नाव दिलं प्रीडिक्टा, म्हणजे ज्याचं भाकीत केलं होतं तो. डार्विन १८८२ लाच गेला होता. आणि पठ्ठ्यांनी नाव एवढं छान दिलं पण दर्जा दिला नाही, आफ्रिकेतल्या पतंगाची पोटजात म्हणून टाकलं त्याला, ते पुढे ११८ वर्षं तसंच. २०२१ मध्ये जुने नमुने, डीएनए, पंखांचा आकार, जिभा सगळं पुन्हा तपासून त्याला स्वतंत्र प्रजाती म्हणून मान्यता मिळाली, झॅन्थोपॅन प्रीडिक्टा, घर फक्त मादागास्कर. आफ्रिकेतल्या भावापेक्षा जीभ सरासरी साडेसहा सेंटिमीटरने लांब निघाली. भावाचा सुरवंट सीताफळाच्या कुळातल्या झाडांची पानं खातो बरं का, म्हणजे तोही आपल्या ओळखीतलाच म्हणायचा.

नातीला एक काम सांगा. पुढच्या वेळी तो जिन्यात आला की अर्धा तास दिवा बंद करा. पतंग दिव्याच्या प्रेमात वगैरे नसतो, कवींनी उगाच गोंधळ घातलाय. रात्री वर आकाश उजळ आणि खाली जमीन काळी असते म्हणून उडताना पाठ उजेडाकडे ठेवायची हा त्यांचा हिशोब, आणि बल्ब आला की तो हिशोब कोलमडतो, पाठ बल्बकडे करत करत बिचारा गोल गोल फिरतो. वेगवान कॅमेऱ्यांनी चित्रण करून हे दाखवून दिलं ते अगदी अलीकडे, २०२४ मध्ये. दिवा बंद झाला की वाट सापडते त्याला.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक. ही डार्विनची गोष्ट मी वर्गात तीस वर्षं सांगितली, पण मनात एक शंका कायम राहिली. फूल बघून किडा ओळखला हे ठीक, पण पतंगच कशावरून? एखादा पक्षी असेल, किंवा लहान किडे नळीत उतरत असतील. आणि पतंग सापडला म्हणजे तो त्याच फुलावर जातो हे कुठे सिद्ध झालं? नंतर जुळवून घेतल्यासारखं वाटतं. (गिरगाव)

सर, शंका रास्त आहे आणि तुमच्या विद्यार्थ्यांनी ती विचारली नाही याचं मला नवल वाटतं.

पतंगच का, याची अर्धी उत्तरं आपल्या अंगणात आहेत. फूल पांढरं, वास रात्री, आणि नळी लांब: रातराणी आठवा, निशिगंध आठवा, बुचाचं झाड आठवा. लहानपणी आपण सकाळी बुचाखाली पडलेली फुलं वेचून त्यांच्या लांब देठांची दोरा न लावता वेणी गुंफायचो, आठवतं? तो देठ नाहीच मुळी, ती फुलाची नळी, आणि ती तेवढी लांब आहे कारण रात्री तिच्यासमोर हवेत थांबून कोणीतरी आत जीभ सोडतं. पक्ष्यांची फुलं सहसा लाल-केशरी असतात आणि वासाच्या भानगडीत पडत नाहीत, पांगारा बघा ना, पळस बघा. म्हणजे रंग आणि वास बघून ग्राहक कोण याचा बराचसा अंदाज येतो.

पण डार्विन तेवढ्यावर थांबला नाही, आणि माझ्या मते खरी गोष्ट इथे आहे, जी व्हिडिओवाले सांगत नाहीत. त्याने आधी फुलाच्या तोंडातून बारीक केस आणि सुया आत घालून बघितल्या, परागांची पुडी काही बाहेर येईना. ऑर्किडचे पराग सुटे पावडरीसारखे नसतात, एकगठ्ठा पुडी असते आणि खाली चिकट पट्टी. सुई आत जाते, बाहेर येते, रिकामी. मग त्याच्या लक्षात आलं की एवढी लांब जीभ असणाऱ्याची जीभ बुडाशी जाडही असणार, म्हणून त्याने इंचाच्या दहाव्या भागाइतकी जाड काडी घेतली आणि ती पार आत दाबून मग बाहेर ओढली, आणि पुडी काडीला चिकटून आली! म्हणजे किड्याने डोकं फुलाला टेकेपर्यंत जीभ आत खुपसली तरच फुलाचं काम होतं. मध तर फक्त तळाच्या दीड इंचात. जीभ आखूड असेल तर मध नाही, जीभ गरजेपेक्षा लांब असेल तर मध मिळतो पण डोकं टेकत नाही आणि पराग जागेवरच. म्हणून ज्या फुलाची नळी थोडी जास्त लांब त्याला बिया जास्त, ज्या पतंगाची जीभ थोडी जास्त लांब त्याला मध जास्त, आणि दोघंही एकमेकांना ओढत ओढत फुटापर्यंत जाऊन पोचले. दहीहंडीचे थर वाढतात तसं, यांनी सात लावले की त्यांनी आठ.

नळीच्या लांबीचा खरंच एवढा फरक पडतो का, हे १९८८ मध्ये नील्सन नावाच्या स्वीडिश माणसाने तिकडच्या एका ऑर्किडवर तपासलं, नळ्या मुद्दाम आखूड केल्या आणि बघितलं. परागांची देवघेव कमी झाली. साधा प्रयोग, शाळेत करता येईल असा.

तुमच्या दुसऱ्या शंकेत दम होता, अनेक वर्षं. पतंग १९०३ पासून नावानिशी माहीत, फूल त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत, पण दोघांना एकत्र कोणी पकडलं नव्हतं. रात्रीचं जंगल, उंच फांदीवरचं फूल, कोण बसणार तिथे. १९९२ मध्ये जर्मन संशोधक वासरथाल यांनी ते बघितलं, पतंग मध पिताना आणि पराग नेताना. भाकितापासून १३० वर्षं.

आणि याच वासरथालांनी थरांच्या गोष्टीत खोडा घातला, ते तुम्हाला आवडेल. त्यांचं म्हणणं, पतंगाची जीभ फुलासाठी लांब झालीच नाही, कोळ्यांच्या भीतीने झाली. फुलांमागे शिकारी कोळी दबा धरून बसतात, जवळ गेलं की झडप. जीभ लांब असेल तर दुरून पिता येतं. हे हॉक मॉथ पिताना हवेत एका जागी स्थिरही राहत नाहीत, डावीकडे-उजवीकडे झुलत राहतात, तेही त्याच भीतीने असं ते म्हणतात. जीभ आधी वाढली, मग फुलांनी आपल्या नळ्या त्या मापाच्या करून घेतल्या. मला विचाराल तर मला डार्विनचीच बाजू जास्त पटते, स्वीडनच्या त्या आखूड नळ्यांमुळे, पण झुलण्याचं कारण मात्र मला वासरथालांचं पटतं. दोन्ही एकदम खरं असायला काय हरकत आहे.

प्रश्न: पतंगाच्या पंखाची पावडर डोळ्यात गेली तर माणूस आंधळा होतो हे खरं का? आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय. (मुलुंड)

नाही. ती पावडर म्हणजे बारीक खवले, मंगलोरी कौलांसारखे एकावर एक बसवलेले, हात लावला की सुटतात. डोळ्यात कुठलीही धूळ गेल्यावर चुरचुरतं तसं चुरचुरेल, पाण्याने धुवा. काही जणांना खोकला किंवा खाज येते. ग्रुपच्या ॲडमिनना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न: दर श्रावणात आमच्या देवघराच्या वर एक काळपट तपकिरी, दोन मोठे डोळे असलेला पतंग येऊन बसतो, तळहाताएवढा. सासूबाई म्हणतात सासरे आले, त्याला हाकलू देत नाहीत. मुलगा म्हणतो झाडूने काढतो. मी मधल्या मधे. (विक्रोळी)

ताई, तो आउल मॉथ, घुबडासारख्या डोळ्यांचा. पावसाळ्यात दिवसा लपायला अंधारी कोरडी जागा शोधत घरात शिरतो, रात्री पिकलेल्या फळांचा रस प्यायला जातो. चावत नाही, डंख नाही, कपडे खात नाही (कपडे खाणारे ते बोटाच्या पेराएवढेही नसतात आणि खाते त्यांची अळी). सासूबाईंचं ऐका. एक तर त्यांचं मन राहील आणि दुसरं म्हणजे तो दोन दिवसांत स्वतःच जाईल, मधल्या काळात केळ्याचा एक तुकडा ठेवून बघा रात्री. सासरेबुवांना केळं आवडायचं का?

प्रश्न: मादागास्करचं झालं. आपल्या देशात असा एकाच भागात सापडणारा पतंग आहे का, ज्याचा सामान्य माणसाला काही उपयोग होतो? (दादर)

उपयोग कशाला हवा, पण असो, आहे. तुमच्या कपाटात किंवा तुमच्या कुणा हौशी मावशीच्या कपाटात मुगा सिल्कची साडी असेल तर त्या पतंगाचं सूत तुमच्या घरातच आहे. मुगा पतंग ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला आणि त्याच्या आजूबाजूच्या डोंगरांतला, म्हणजे आसाम आणि शेजार. सोनेरी रंग हा धाग्याचा स्वतःचा, रंगवलेला नाही. तुतीवरच्या रेशीमकिड्याला आपण टोपलीत घरात वाढवतो तसं याला चालत नाही, हा उघड्यावर झाडावरच वाढतो, सोम आणि सोआलू नावाच्या झाडांवर, आणि राखणदार दिवसा पाखरं आणि रात्री वटवाघळं हाकलत बसतात. सुरवंट पिकला की संध्याकाळच्या सुमारास खोडावरून आपला आपण खाली उतरतो, तेव्हा त्याला उचलून वाळक्या पानांच्या जुडीवर सोडतात, तिथे तो कोष करतो. २००७ मध्ये त्याच्या रेशमाला जीआय, म्हणजे हा माल याच भागातला असा सरकारी शिक्का, मिळालं, आपल्या हापूसला नंतर मिळालं तसं. यातून जो पतंग बाहेर येतो त्याला तोंड नावालाच असतं, खातपीत काही नाही, जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, संपलं. एकीकडे फूटभर जीभ आणि एकीकडे ही तऱ्हा.

प्रश्न: तुम्ही बोलताय त्या चांदणी ऑर्किडचं रोप मी ऑनलाइन मागवलंय! अंधेरीत बाल्कनीत येईल का? आणि पतंग इथे नाही तर त्याला बिया धरणारच नाहीत का? (अंधेरी)

वाटलंच होतं की कोणीतरी मागवणार. आपला दमटपणा त्याला आवडतो, एप्रिल-मेचं थेट ऊन नाही, पानं भाजतात. हवा खेळती पाहिजे, कुंडीत माती घालू नका, सालीचे आणि कोळशाचे मोठे तुकडे. एकदा लावलं की मुळांना हात लावायचा नाही, सारखं कुंडी बदलणाऱ्या माणसावर हे झाड रुसतं. फूल यायला वर्षं लागतात, रोप केवढं आहे त्यावर. आलं तर बहुतेक थंडीत येईल.

बियांचं म्हणाल तर हाताने करावं लागेल. आणि यात एक मोठी गंमत आहे. मादागास्कर जगात कशासाठी प्रसिद्ध आहे, तर व्हॅनिलासाठी, आणि व्हॅनिला हेही ऑर्किडच. पण ते मूळचं तिकडचं नाही, मेक्सिकोकडचं, आणि त्याचा किडा समुद्र ओलांडून आलाच नाही. वेल वाढायचे, फुलं यायची, शेंग धरत नव्हती. १८४१ मध्ये मादागास्करच्या शेजारच्या रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम पोराने युक्ती काढली, एका काडीने फुलातला मधला पडदा वर उचलायचा आणि अंगठ्याने पराग पलीकडे दाबायचे, झालं. आजही मादागास्करमध्ये माणसं पहाटेपासून वेलांमधून फिरत एकेक फूल असं हाताने करतात, कारण फूल एकच दिवस उमलतं. म्हणजे ज्या बेटावर एका ऑर्किडसाठी फूटभर जिभेचा पतंग रात्री राबतो त्याच बेटावर दुसऱ्या ऑर्किडसाठी माणूस दिवसा राबतो. दहिसरच्या आजोबांनी आइस्क्रीम कुठलं घ्यायचं ते ठरलं.

तुमच्यासाठी कृती: दातकोरणं घ्या, फुलाच्या मधोमध खालच्या बाजूने हळूच वर उचला, परागांवरची टोपी पडेल आणि परागांच्या पिवळ्या दोन गोळ्या दातकोरण्याला चिकटतील, त्या फुलाच्याच चिकट खळग्यात लावा. दोन झाडं असली तर एकाच्या दुसऱ्याला. नळीच्या भानगडीत तुम्हाला पडायचं नाही, ती पतंगाची कटकट.

आणि हो, रात्री वासाने आपला रताळ्याचा पतंग बाल्कनीत आला तर मला जरूर कळवा, पण त्याच्याबद्दल मला आत्ताच वाईट वाटतंय. नळी २९ सेंटिमीटर, मध तळाच्या चार सेंटिमीटरमध्ये, म्हणजे पंचवीस उतरल्याशिवाय थेंब नाही, आणि याच्याकडे जीभ नऊ-दहाची. बाजूला एक सोनटक्क्याची कुंडी ठेवा त्याच्यासाठी. सोनटक्क्याला पाणी भरपूर लागतं, कुंडीखालची ताटली भरलेली असली तरी चालेल, फक्त डासांसाठी ती दर दोन दिवसांनी ओता.